फँटसी वाचायला कुठनं सुरुवात करायची? खानापूरच्या बसमधून एक वाट

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्यानं मोबाईलवर एक परदेशी मालिका बघून संपवली. राजे, ड्रॅगन, कापाकापी, सगळं. मग मला विचारतो, “आत्ती, याचं पुस्तक असतंय म्हणे. मागवू काय?” मागवलं. आलं ते विटेएवढं, इंग्रजी, अक्षर मुंगीएवढं. चाळिसाव्या पानावर त्यानं ते उशाला घेतलं, आणि दिवाळीला मी भावाकडे गेले तेव्हा टेबल फॅनची उंची कमी पडत होती म्हणून ते फॅनखाली लावलेलं होतं.

पोराची चूक नव्हती. पोहायला शिकवताना पहिल्याच दिवशी कुणी मलप्रभेच्या पुरात ढकलत नाही. त्याला कुणीतरी वाट दाखवायला हवी होती, ती मी आता दाखवतेय, त्याला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना. माझं म्हणाल तर मी रोज खानापूर-बेळगाव ये-जा करते. बसायला जागा मिळाली तर जाताना पंधरा पानं, येताना दहा. सुट्ट्या वगळून वर्षाला सहा हजार पानं होतात. दोन हजार तेवीसच्या जूनपासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली, तेव्हापासून जागा मिळणं अवघड झालंय. पण त्या शून्य रुपयाच्या तिकिटाचा एक उपयोग मला सापडलाय, तो पुढे सांगते.

आधी घरातलं बघा

फँटसी, म्हणजे जादूच्या, अद्भुत जगातल्या गोष्टी, हे काहीतरी साहेबाच्या देशातलं, अशी समजूत असते. ज्यांनी लहानपणी ‘चांदोबा’त विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ बघितलाय त्यांनी असं म्हणू नये. वेताळाच्या त्या गोष्टी सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आहेत. अकराव्या शतकात काश्मिरात लिहिलेला हा ग्रंथ. मुंडकं एकाचं, धड दुसऱ्याचं, मग नवरा कुठला, हा प्रश्न तिथलाच. त्याच प्रश्नावर गिरीश कार्नाडांनी ‘हयवदन’ नाटक उभं केलं.

मराठी कादंबरीचं गाडं सुरू करायला तर आपल्याच भागातली माणसं होती. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी बेळगावात जन्मले. ‘मोचनगड’ (१८७१) लिहिणारे रा. भि. गुंजीकर आमच्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटीचे. दोघांनाही पऱ्या-राक्षसांशी कर्तव्य नव्हतं. एकाला विधवांचं दुःख सांगायचं होतं, दुसऱ्याला शिवकाळ. मधल्या काळात, १८६१ साली आलेली हळब्यांची ‘मुक्तामाला’ मात्र अद्भुतरम्य. म्हणजे वास्तव आणि अद्भुत ही दोन्ही बाळं मराठीत चार वर्षांच्या अंतरानं एकाच घरात रांगत होती. पुढे शिष्ट लोकांनी एकाला शाळेत घातलं, दुसऱ्याला अंगणात ठेवलं, एवढंच.

तर पहिलं पुस्तक म्हणून मी ‘ययाति’ देते. दचकू नका. खांडेकरांची ही कादंबरी (१९५९) लोक पौराणिक म्हणून वाचतात, नाहीतर ‘बाबांच्या कपाटातली’ म्हणून वाचतच नाहीत. पण त्यात घडतं काय बघा: शापानं राजा एका क्षणात म्हातारा होतो आणि पोटच्या पोराकडे त्याची जवानी मागतो. याला फँटसी म्हणायचं नाही तर कशाला? खांडेकरांची भाषा आज थोडी फुलाफुलांची वाटते, उपमा जरा जास्तच होतात, हे कबूल. त्या पानांवर बसनं वेग घेतल्यागत पुढे सरका.

‘ययाति’ आधी वाचायला सांगते ते आणखी एका कारणासाठी. तिथं एक प्रश्न हातात येतो आणि तो पुढे कुठल्याही फँटसीला लावता येतो: या जादूची किंमत कोण मोजतंय? ययातीच्या सुखाची किंमत त्याच्या पोरानं, पुरूनं मोजली. ज्या पुस्तकात मंत्र म्हटला, वीज चमकली, शत्रू मेला आणि कुणाच्या खिशातून दमडीही गेली नाही, ते पुस्तक मी अर्ध्यावर ठेवते. कितीही जाड असो, कितीही गाजलेलं असो.

मग जी. ए., पण बेतानं

जी. ए. कुलकर्णी आपल्या जिल्ह्यातल्या एकसंब्याचे, जन्म १९२३. शिक्षण बेळगावात, नोकरी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवण्याची. इथल्या गल्ल्यांतल्या घरांचा अंधार ज्याला बघायचाय त्यानं त्यांच्या सुरुवातीच्या कथा वाचाव्यात, ‘निळासावळा’, ‘पारवा’. पण आपण इथे दुसऱ्या जी.एं.कडे चाललोय, ज्यांच्या कथा कुठल्याही नकाशात नसलेल्या मुलखात घडतात.

लोक चूक करतात ती अशी: कुणीतरी सांगतं जी. ए. थोर, हे जाऊन थेट ‘रमलखुणा’ उचलतात. त्यात दोनच दीर्घकथा आहेत, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’, आणि दोन्ही ग्रॅनाइटसारख्या. दहा पानांत दात दुखायला लागतात. मी सांगते तसा क्रम धरा. आधी ‘बखर बिम्मची’. मुलांचं पुस्तक म्हणून हसू नका. त्यानंतर ‘पिंगळावेळ’ संग्रहातली ‘स्वामी’ ही एकच कथा. एका वाटसरूला मठाचा स्वामी करून जमिनीखालच्या खोलीत बंद करतात. सोय सगळी, सुटका नाही. मी ही कथा पहिल्यांदा वाचली ती उभ्यानं, एका हातानं वरचा दांडा धरून, आणि उद्यमबागला उतरायचं ते विसरून पुढे गेले. तिसऱ्या नंबरला ‘काजळमाया’तला ‘विदूषक’. याच संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता आणि जी.एं.नी तो परत केला होता. एवढं पचलं की ‘रमलखुणा’ घ्या, आणि ते सुट्टीत घ्या. बसमध्ये नको.

एक गुपित: जी.एं.नी आयरिश लेखक जेम्स स्टीफन्सच्या ‘द क्रॉक ऑफ गोल्ड’ या कादंबरीचा मराठी अनुवाद केलाय, ‘सोन्याचे मडके’ नावानं. मूळ १९१२ची. तत्त्वज्ञ, त्यांच्या भांडखोर बायका, जमिनीखाली सोनं पुरणारे बुटके, रानातले देव. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टॉल्किनच्याही आधीची ही फँटसी, आणि मराठीत आणली ती आपल्या एकसंब्याच्या माणसानं. जुन्या वाचनालयाच्या फळीवर दिसली तर सोडू नका.

पुस्तकं मिळवायची कुठून

पगार चांगला असला तरी पहिली वीस पुस्तकं विकत घेऊ नका. आपली आवड काय तेच अजून माहीत नसतं.

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८पासूनचं आहे. अशा ठिकाणी सभासद व्हायला अनामत, वर्गणी आणि ओळखीचा पुरावा लागतो. तो सोपस्कार अर्ध्या तासाचा. खरं काम पुढे असतं, ग्रंथपालांशी ओळख करून घेण्याचं. “फँटसी आहे काय?” असं विचारू नका, नकार येईल. कपाटांवर ती चिठ्ठी नसते. फँटसी कुठे लपलेली असते सांगते: अर्धी बालसाहित्यात, थोडी अनुवादित कादंबऱ्यांत, थोडी ‘रहस्य व गूढ’मध्ये आणि उरलेली पौराणिकात. चारही कपाटं स्वतः उभं राहून बघायची. धूळ नाकात जाते, रुमाल न्या.

गावात राहत असाल तर पंचायतीचं ग्रंथालय बघा, ज्याला आता ‘अरिवु केंद्र’ म्हणतात. पुस्तकं बहुतेक कन्नड. पण ज्यांना कन्नड अक्षरं येतात (आणि शाळेत ती आपल्या बहुतेकांना घोटावी लागलीच आहेत) त्यांना तिथल्या मुलांच्या गोष्टी म्हणजे मेजवानी. कन्नड वाचन सुधारतं ते वेगळंच.

हिवाळ्यात आपल्याकडे गावोगावी साहित्य संमेलनं असतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी. सकाळी ग्रंथदिंडी, दुपारी जेवण, आणि मंडपाच्या कडेला पुस्तकांचे स्टॉल. तिथं जायचं ते शेवटच्या सत्रात. विक्रेत्याला उरलेला माल परत टेम्पोत भरायचा कंटाळा आलेला असतो, आणि संकोच न करता “शेवटचं किती?” म्हणायची तीच वेळ. मी ‘यक्षांची देणगी’ अशीच घेतली. नारळीकरांच्या त्या कथा विज्ञानाच्या, फँटसीच्या नव्हेत. पण छोट्या, स्वच्छ आणि नवख्याला चालायला लावणाऱ्या. बसच्या एका फेरीत एक कथा होते.

ऑनलाइनचं एक सांगते. एकदा तीन भागांचा संच मागवला, आला तो दुसरा भाग दोनदा आणि तिसरा एकदा. पहिला नाहीच. तक्रार केली, तर “उत्पादन योग्य स्थितीत पोचले आहे” असं उत्तर. तेव्हापासून संच मागवत नाही. भाग एक मागवते, वाचते, आवडला तरच दुसरा.

जाड पुस्तकाला भिडताना

मराठीत आता मोठ्या फँटसी आल्या आहेत. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ वाचायला लाज वाटण्याचं वय कुठलंच नाही. मी चाळिशीत वाचलं. ‘परीस’ हा शब्द वापरला तिथंच अनुवाद जिंकलाय. मूळ इंग्रजी नावातला दगड आपल्या आजीलाही ठाऊक होता. त्यानंतर टॉल्किनचं ‘द हॉबिट’ (मूळ १९३७), आणि ते आवडलं तर ‘स्वामी मुद्रिकांचा’, म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मराठी अनुवाद. क्रम उलटा करू नका. ‘हॉबिट’ अंगणातल्या आडासारखं, ‘मुद्रिका’ म्हणजे राकसकोपचं धरण.

आता ते बसचं तिकीट. अशा पुस्तकांत माणसांची नावं पन्नासाच्या वर जातात आणि बापाचं-पोराचं नाव एकाच अक्षरानं सुरू होतं. मी रोजचं तिकीट खुणेला ठेवते आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं त्या दिवशी आलेलं नवं नाव आणि एकच खूण लिहिते. “थोरिन – बुटक्यांचा म्होरक्या, मानी.” “बोरोमिर – शिंग फुंकणारा.” पुस्तक संपेपर्यंत मागच्या पानात तिकिटांची गड्डी होते. कंडक्टरनं एकदा ती बघून विचारलं, “अक्का, हिशोब ठेवलायसा काय?” म्हटलं, हो, सरकारचा.

आणखी दोन गोष्टी, पटकन. पुढे नकाशा असला तर त्याचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा, सारखी पानं उलटायला नकोत. आणि टॉल्किनची गाणी पहिल्या वाचनात गाळली तरी चालतात. शुद्धतावादी रागावतील, रागावू देत. दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा गाण्यांसाठीच थांबाल.

मालिका सुरू करण्याआधी ती पूर्ण झालीय का हे मात्र विचारा. भाच्याची ती वीट जॉर्ज मार्टिनची होती. पहिला भाग १९९६चा, पाचवा २०११चा, सहाव्याची जग अजून वाट बघतंय. उंबऱ्यावर जेवायला बसवून भात आणायला गेलेली वहिनी परत न यावी, तसं.

इंग्रजीची भीती

आपल्याकडे मराठी शाळेतून आलेल्यांना इंग्रजी कादंबरीची धास्ती असते, आणि फँटसीत ती दुप्पट होते. कारण साधं आहे: न कळलेला शब्द खरा इंग्रजी आहे की लेखकानं बनवलेला, हेच समजत नाही. मी स्वतः ‘ऑर्क’ (टॉल्किनच्या गोष्टीतले राक्षस) शब्दकोशात शोधत बसले होते. यावर माझा उपाय तीन वेळांचा. शब्द पहिल्यांदा आला, सोडा. दुसऱ्यांदा आला, सोडा. तिसऱ्यांदाही कळला नाही तरच शोधा. बनवलेला असेल तर तोवर लेखकानंच त्याचा अर्थ उलगडलेला असतो.

सुरुवातीला अर्सुला ले गुइनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) घ्या. अंगानं बारीक, वाक्यं स्वच्छ. गॉन्ट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा पोरगा जादू शिकतो आणि शेखी मिरवायच्या नादात एक सावली मोकळी सोडतो. किंमत मोजली जाते, आणि पहिला हप्ता दुसराच कुणीतरी भरतो. त्या जगात प्रत्येकाचं एक खरं नाव असतं, ते परक्याला सांगायचं नाही. ज्याला ते कळलं त्याची सत्ता चालते. हे वाचताना मला आमच्याकडचं बारसं आठवलं. पाळण्यातल्या बाळाच्या कानात नाव सांगतात, रासनाव वेगळं, हाकेचं वेगळं. चोर्ल्याकडच्या धनगरवाड्यावरचं एखादं पोरगं हे पुस्तक माझ्यापेक्षा लवकर समजून घेईल असं मला वाटतं.

अलीकडे वाचलेल्यांत मनात घर केलं ते सुझाना क्लार्कच्या ‘पिरानेसी’नं (२०२०). एक माणूस अंतहीन दालनांच्या वाड्यात राहतो. खालच्या दालनांत समुद्र, वरच्यांत ढग, मधल्या दालनांत पुतळेच पुतळे. तो वह्या लिहितो आणि वर्षांना आकडे न देता घटनांची नावं देतो. अल्बट्रॉस पक्षी आला ते वर्ष, असं. माझी आजी ‘प्लेगाच्या साली’ म्हणायची, आम्ही आता ‘दोन हजार एकोणीसच्या पुराच्या साली’ म्हणतो. पुस्तक अडीचशेच्या आसपास पानांचं. पहिली साठ पानं काही कळणार नाही, तशीच वाचा. शेवटाबद्दल माझी एक कुरबुर आहे, कोडं सुटतं तेव्हा वाड्याची जादू थोडी उतरते. पण त्या माणसाचा निरागसपणा… तो बरेच दिवस माझ्याबरोबर बसमध्ये होता.

कन्नडचा दरवाजा

पुण्या-मुंबईच्या वाचकाला जो दरवाजा नाही तो आपल्याला आहे. चंद्रशेखर कंबार जिल्ह्यातल्याच घोडगेरीचे, ज्ञानपीठ मिळालेले. लोककथेतली जादू त्यांच्या नाटकांत अशी येते जशी घरात मांजर येतं. एस. एल. भैरप्पांचं ‘पर्व’ (मूळ कन्नड १९७९) उमा कुलकर्णींच्या मराठीत आहे, आणि उमाताई बेळगावच्या. ‘पर्व’ म्हणजे उलटी फँटसी: महाभारतातून चमत्कार सगळे काढून घेतले, उरली ती थकलेली, मोहरलेली, भुकेली माणसं. दहा फँटसी वाचून झाल्या की मध्ये हे एक वाचावं. तोंडाची चव बदलते.

मराठीत भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांबद्दल एका वाक्यात उरकते, कारण त्यांना माझ्या शिफारशीची गरज नाही. ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे हे कळल्यावर काही लोक नाक मुरडतात, मी म्हणते, जुलैच्या रात्री लाईट गेल्यावर कौलांवर पाऊस वाजत असताना वाचा आणि मग मुरडा.

मत बनवायचं कसं

वाचून झालं की ‘छान होतं’ म्हणून सोडू नका. शंभर पानी वही घ्या, दर पुस्तकाला तीन ओळी. माझ्या वहीतल्या दोन नोंदी जशाच्या तशा:

“हॉबिट. घराबाहेर पडायला नको म्हणणारा माणूस बाहेर पडतो. ड्रॅगनपेक्षा अंधारातली कोडी आवडली. किंमत: परत येतो तर घरातल्या सामानाचा लिलाव चालू, आणि गावात इज्जत गेली ती गेलीच.”

“नाव लिहीत नाही. चारशे पानं, सात युद्धं, एकाही पोराला भूक लागत नाही. घोड्यांना पाणी कोण पाजतं? सोडलं, पान १३०.”

दुसरी नोंद तुमच्याही वहीत यायला हवी. पन्नास पानं इमानानं द्यायची, मग मोकळं व्हायचं. वाचनालयाचं पुस्तक अर्धवट परत केलं म्हणून कुणी दंड घेत नाही, उशिरा केलं तर घेतात. आणि सोडलेलं पुस्तक पाच वर्षांनी पुन्हा हातात घेऊन बघा. ‘रमलखुणा’ मी दोनदा सोडलंय.

पावसाळ्याचं

हे सगळ्यात शेवटी, पण जूनच्या आत करायचं. खानापूर पट्ट्यातला पाऊस पुस्तकांचा वैरी. भिंतीला टेकलेली फळी चार बोटं पुढे ओढा. पुस्तकं दाटून भरू नका, मध्ये वारा फिरायला हवा. कडुनिंबाची पानं घालायची तर पूर्ण वाळलेली घाला. ओली घातलीत तर तीच बुरशी आणतात, माझी ‘पारवा’ची प्रत तशीच गेली. उघडीप पडली की दुपारी पुस्तकं सावलीत उभी करून पानं मोकळी करा, थेट उन्हात नको, डिंक सुटतो. बसमध्ये न्यायचं पुस्तक मी दुधाच्या दोन धुतलेल्या पिशव्यांत घालते, एकीचं तोंड वर, एकीचं खाली.

भाच्याला मी ‘बखर बिम्मची’ दिलंय. परवा फोन आला. “आत्ती, हे संपलं की. ते स्वामीवालं कधी आणूलैस?” म्हटलं, शनिवारी आणते, पण आधी ते फॅनखालचं पुस्तक काढून ठेव, त्याला वाळवी लागेल.